एप्रिलमध्ये अख्खा मुरबाड ‘शहर’ का दिसतो? उपग्रह प्रतिमांवरून मुंबईची वेस मोजताना

टिटवाळ्याला राहणाऱ्या, भूगोलात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. कल्याण, टिटवाळा, बदलापूर, मुरबाड हा पट्टा २००० नंतर किती आणि कसा शहरी झाला, हे ती मोजते आहे. तिने एप्रिल २००० ची लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाची प्रतिमा आणि एप्रिल २०२४ ची सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची प्रतिमा घेतली, बांधकाम निर्देशांक वापरून दोन्हींचं वर्गीकरण केलं, आणि नकाशात मुरबाड तालुक्याचा बराचसा भाग बांधकाम म्हणून लाल आला. तिला विचारायचं आहे: चूक कुठे झाली, कुठल्या प्रतिमा घ्याव्यात, आणि शेवटी हाती येईल त्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा?

तुमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे, ट्रेनिंग सॅम्पल, म्हणजे वर्गीकरण शिकवायला दिलेले नमुने, तेही बहुधा बरे असतील. महिना चुकला आहे.

एप्रिलमध्ये मुरबाडच्या बाजूला जमिनीवर काय असतं ते आठवा. भातकापणी होऊन पाच महिने झालेले, खाचरं उघडी, ढेकळं पांढुरकी पडलेली. माळावरचं गवत एक तर कापून नेलेलं किंवा वाळून पिवळं झालेलं. वरकस जमिनीत राबासाठी भाजलेले काळे चौकोन. सागाची पानं गळालेली. वीटभट्ट्या पेटलेल्या. आणि तुम्ही वापरलेला बांधकाम निर्देशांक, म्हणजे एनडीबीआय, हा लघुतरंग अवरक्त आणि निकट अवरक्त या दोन पट्ट्यांतल्या परावर्तनाचा फरक आहे. सिमेंट, पत्रा, मुरूम, कोरडी माती, वाळलेलं गवत, या सगळ्यांत पहिलं परावर्तन दुसऱ्यापेक्षा जास्त असतं किंवा त्याच्या अगदी जवळ येतं. म्हणजे हा निर्देशांक बांधलेलं ओळखत नाही, कोरडं ओळखतो. एप्रिलमध्ये आपल्याकडे सगळंच कोरडं असतं, त्यामुळे तुमचा नकाशा त्याच्या परीने खरंच सांगतो आहे.

मुंबईच्या परिसरात काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. एका तारखेच्या प्रतिमेवर ‘इथे काय आहे’ हे विचारू नका. वर्षभराच्या प्रतिमांना विचारा की ‘पावसानंतर इथे हिरवं परत आलं का?’ कोकणात पाऊस कमी झालेल्या वर्षीही इतका पडतो की उघडी माती हिरवी झाल्याशिवाय राहत नाही. खाचरात भात, बांधावर गवत, पडीक जमिनीत टाकळा, काहीतरी येतंच. जिथे सलग काही वर्षं काहीच आलं नाही, तिथे माणसाने जमीन झाकलेली असते. ही सोय माण-खटाव किंवा सोलापूरकडे नाही. तिथे दुष्काळी वर्षात शेतंही ओसाड दिसतात आणि ही पद्धत फसते. आपल्याकडे पाऊस हेच मोजमापाचं सर्वांत भरवशाचं साधन आहे, आणि ते फुकट मिळतं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. दर वर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या जितक्या प्रतिमा मिळतील तितक्या घ्या, ढग आणि ढगांच्या सावल्या काढून टाका, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी त्या हंगामातला एनडीव्हीआय सर्वांत वर कुठे गेला ते नोंदवा. एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक: निकट अवरक्त आणि लाल पट्ट्यांतल्या परावर्तनाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की तो मिळतो. अगदी कमाल मूल्य घेण्यापेक्षा नव्वदावा शतमक, म्हणजे ज्याच्या खाली नव्वद टक्के मूल्यं येतात तो आकडा, घेतलेला बरा, कारण एखादा बिघडलेला पिक्सेल कमाल मूल्य ओढून वर नेतो. शिवाय ज्या वर्षी प्रतिमा जास्त मिळाल्या त्या वर्षी कमाल आपोआप वाढते. मग उंबरठा ठरवा. माझ्या कामात दाट वस्ती साधारण ०.२५ ते ०.३५ च्या खाली राहते, पण हा आकडा उचलून वापरू नका. तुमच्या भागात कुठल्या मूल्याचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख काढा, कल्याण स्टेशनच्या भोवतालचे आणि सरळगावच्या शेतांतले पिक्सेल वेगवेगळे पाहा, दोन उंचवट्यांमध्ये दरी कुठे पडते ते दिसेल. याचा एक जास्तीचा फायदाही आहे. एनडीव्हीआयला लागणारे दोन्ही पट्टे सेंटिनेल-२ वर १० मीटरचे आहेत, तर एनडीबीआयला लागणारा लघुतरंग पट्टा २० मीटरचा.

अशी २०१७ पासूनची सेंटिनेल-२ ची मालिका लावली की प्रत्येक पिक्सेलची एक गोष्ट दिसते. समजा, २०१९ पर्यंत दर वर्षी हिरवा, २०२० पासून कधीच नाही. तेच त्याचं रूपांतराचं वर्ष. मी तीन सलग वर्षं हिरवं आलं नाही तरच रूपांतर झालं असं मानतो. यात शेवटच्या दोन वर्षांचा निकाल लटकता राहतो. तो तसाच, ‘अपुष्ट’ असा वेगळा रंग देऊन दाखवावा.

आता या पद्धतीलाही चकवणाऱ्या जागा आहेत, आणि त्या सगळ्या आपल्या ओळखीच्या आहेत. पाण्याचा एनडीव्हीआय कमीच असतो, त्यामुळे बारवी धरण, उल्हास नदी, खाडी हे आधी वेगळं काढा. खाडीकाठी भरती-ओहोटी सांभाळा. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण त्या वेळी पाणी कुठे असेल ते दर फेरीला वेगळं. मुंबईत मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. एका प्रतिमेत जिथे पाणी तिथे दुसरीत चिखल, आणि बदलाचा नकाशा सांगतो की खाडी बुजली. हंगामातल्या सगळ्या प्रतिमा एकत्र घेतल्या की हा धोका पुष्कळ कमी होतो. भाईंदर-नायगावकडची मिठागरं पावसात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात पांढरीशुभ्र असतात, हिरवी कधीच होत नाहीत. त्यांची हद्द हाताने आखून बाजूला ठेवा. डोंगरातले उघडे कडे उताराच्या नकाशाने गाळता येतात.

दगडखाणी मात्र गाळून फेकू नका. पारसिकच्या डोंगरातल्या, शीळ-कल्याण बाजूच्या खाणी हा शहरवाढीचाच भाग आहे. त्या दगडातूनच इमारती उभ्या राहतात. त्यांचा वेगळा वर्ग करा. भरावाचंही तसंच. खाचरावर मुरूम पडला की हिरवं त्याच वर्षी थांबतं, इमारत कधी तीन वर्षांनी येते, कधी येतच नाही. या दोन घटनांना एकच नाव दिलं की वाढ कधी झाली याचं उत्तर चुकतं. हे पाहण्यासाठी सगळ्यात चांगली जागा नवी मुंबई विमानतळाची. सुमारे ११६० हेक्टरचं क्षेत्र, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, भराव झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. मालिका लावून पाहा: धावपट्टी आणि टर्मिनल दिसायच्या कितीतरी आधी तिथला हिरवेपणा संपलेला सापडेल. उत्तर आधीच माहीत असलेल्या अशा जागेवर पद्धत तपासून घेतली की मग मुरबाडवर बोलायचा धीर येतो.

उलटी चूकही होते, म्हणजे वस्ती असून दिसत नाही. वसईच्या पश्चिमेला, निर्मळ-आगाशी-अर्नाळ्याकडे, नारळ-केळीच्या वाड्यांत घरं झाडाखाली आहेत. वरून पाहणाऱ्याला फक्त झाडं. तिथे शेजारी शेजारी बंगले उठले तरी हिरवेपणा ढळत नाही. जुन्या गावठाणांचंही असंच. अशा भागासाठी सेंटिनेल-१ चं रडार उपयोगी पडतं. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यातून आपटून परत आलेला लहरींचा झोत उठून दिसतो, आणि रडारला ढगांची अडचण नाही, त्यामुळे भर जुलैतही ते पाहू शकतं. पण रडारच्या लहरीही झाडीत विरतात, डोंगरउतारावर प्रतिमा वाकते, आणि पत्र्याचं कुंपण किंवा विजेचा मनोरा इमारतीइतका चमकतो. म्हणून रडारला मी दुसरा साक्षीदार मानतो, मुख्य नाही.

पाड्यांबद्दल मला थांबून सांगायचं आहे. मुरबाड, शहापूर, पालघरकडे कारवीच्या कुडाची, मातीने सारवलेली, कौलारू घरं विखुरलेली असतात. रंग मातीचा, आकार लहान, भोवती झाडं. जवळजवळ कुठल्याही स्वयंचलित नकाशात ही घरं नसतात. मग त्याच घराला घरकुल योजनेत स्लॅब पडतो, किंवा कौलं उतरवून पत्रे चढतात, आणि पुढच्या वर्षीच्या नकाशात तिथे ‘नवी वस्ती’ उगवते. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच आहेत, नवं आहे ते फक्त छप्पर. ही शास्त्रीय चूक तर आहेच, पण तिचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. ज्या नकाशात पाडा नाही, त्या नकाशावर रस्ता, गोदाम, टाउनशिप आखणाऱ्याला जागा रिकामी दिसते. पाड्यांची नावं आणि ठिकाणं सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार छापील नकाशांवर, बऱ्याच अंशी असतात. ती आधी बिंदू म्हणून उतरवून घ्या, आणि तुमच्या अंतिम नकाशावर छापा, मग वर्गीकरणाने ती पकडली असोत वा नसोत. ही माझी सूचना नाही, आग्रह आहे.

आता तुमच्या दोन तारखांच्या तुलनेकडे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅटचा ३० बाय ३० चा, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या वेशीवरची वाढ गुंठ्या-गुंठ्यानेच होते. दोन गुंठ्यांत बैठी चाळ, अर्ध्या गुंठ्यात घर. लँडसॅटच्या नऊ गुंठ्यांच्या पिक्सेलात एक चाळ आली आणि बाकी गवत असलं, तर तो पिक्सेल गवतच राहतो. म्हणून २००० च्या लँडसॅटशेजारी २०२४ चं सेंटिनेल ठेवलं की जी वाढ दिसते, तिचा काही हिस्सा शहराचा नसून नजर बारीक झाल्याचा असतो. तुलना २००० ते २०२४ हवी असेल तर दोन्हीकडे लँडसॅटच वापरा. २०१७ नंतरचा तपशील सेंटिनेलवर वेगळ्या प्रकरणात लिहा, आणि दोन्हींचे आकडे एकाच आलेखात जोडू नका.

लँडसॅटच्या मालिकेत काही खड्डे आहेत. लँडसॅट-७ चा एक भाग ३१ मे २००३ ला निकामी झाला. त्यानंतरच्या प्रत्येक प्रतिमेत काळे पट्टे आहेत आणि सुमारे २२ टक्के माहिती गेलेली आहे. लँडसॅट-५ च्या मुख्य उपकरणाच्या प्रतिमा नोव्हेंबर २०११ मध्ये थांबल्या आणि लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये अवकाशात गेला. म्हणजे २०१२ या वर्षासाठी पट्टेवाला लँडसॅट-७ एवढाच उरतो. ते वर्ष सोडा, किंवा आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या प्रतिमा राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या भूनिधी पोर्टलवर शोधा, त्या २३.५ मीटरच्या आहेत.

सेंटिनेल-२ मध्ये एक खड्डा आहे, आणि तो नेमका तुमच्यासारख्या अभ्यासाला पाडतो. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि पिक्सेलच्या मूल्यांत १००० ची भर पडू लागली. ती वजा न करता एनडीव्हीआय काढला तर भागाकारातला छेद फुगतो, एनडीव्हीआय घसरतो, आणि २०२२ नंतर सगळीकडे हिरवेपणा कमी झाल्याचा भास होतो. शहर अचानक पसरलं असं वाटतं. गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की हे दुरुस्त होऊन मिळतं. प्रतिमा स्वतः उतरवून क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर हाताने करावं लागेल.

२००० च्याही मागे जायचं असेल तर मुंबईचं एक भाग्य आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना मार्च १९७० ची आणि पहिला लँडसॅट अवकाशात गेला जुलै १९७२ मध्ये. म्हणजे नवी मुंबई जवळजवळ जन्मापासून आकाशातून पाहिली गेली आहे. भातशेती आणि खाजणांतून नोड, म्हणजे सिडकोची आखीव उपनगरं, उभे राहताना, १९९२ मध्ये खाडीवरून वाशीपर्यंत लोकल आल्यानंतर त्यांच्या मधल्या जागा भरत जाताना, हे सगळं त्या प्रतिमांत सापडतं. फक्त त्या पहिल्या प्रतिमांचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा आहे, तेव्हा दिशा आणि आकार पाहा, हेक्टर मोजू नका.

रात्रीच्या दिव्यांच्या प्रतिमांचा मोह होईल. त्या पिक्सेलची बाजू पाऊण किलोमीटरच्या आसपास असते. भिवंडीची गोदामं आणि महामार्गाचे दिवे तिथे घनदाट वस्तीसारखे चमकतात. तालुक्याच्या पातळीवर ठीक, गावाच्या पातळीवर नको. आणि इथे सांगितलेल्या प्रतिमांत मजले मोजता येत नाहीत हेही लक्षात ठेवा. नालासोपाऱ्याची चार मजली इमारत आणि शीळ रस्त्यावरचा वीस मजली टॉवर, दोन्ही वरून छप्परच. क्षेत्र वाढलं नाही म्हणून लोक वाढले नाहीत असा निष्कर्ष काढू नका. डोंबिवलीच्या जुन्या भागात पुनर्विकासाने माणसं वाढतात आणि नकाशा जसाच्या तसा राहतो.

आता विश्वासाचा प्रश्न. दोन तारखांचे दोन स्वतंत्र नकाशे करून वजाबाकी करण्याची पद्धत सोडा. प्रत्येक नकाशा ९० टक्के अचूक आहे असं धरा, आणि तो आकडा चांगला मानला जातो. दोन्हींतल्या चुका एकमेकींशी संबंधित नसतील तर १८ टक्के पिक्सेलमध्ये नेमका एकच नकाशा चुकलेला असेल. तुमचं क्षेत्र १००० चौरस किलोमीटर असलं तर सुमारे १८० चौरस किलोमीटरचा बदल निव्वळ चुकांतून जन्मतो. खरा बदल कदाचित पन्नास-साठ असेल. तो या गोंधळात बुडतो.

त्याऐवजी बदलाचा एकच नकाशा करा आणि त्यावर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडलेले, बिंदू टाका. उदाहरण घेऊ. नकाशा म्हणतो १००० पैकी ६० चौरस किलोमीटर बदललं. बदललेल्या भागात १०० आणि न बदललेल्या भागात ३०० बिंदू टाकले, आणि गूगल अर्थ प्रोमधल्या जुन्या-नव्या स्पष्ट चित्रांवर एकेक तपासला. समजा, बदललेल्या १०० पैकी ७८ बरोबर निघाले, आणि न बदललेल्या ३०० पैकी ३ ठिकाणी बांधकाम सापडलं. मग खरा बदल म्हणजे ६० च्या ७८ टक्के, अधिक ९४० चा एक टक्का: ४६.८ अधिक ९.४, म्हणजे सुमारे ५६ चौरस किलोमीटर. आणि ९५ टक्के खात्रीने मर्यादा काढली तर ती अधिक-उणे १२ च्या जवळ येते. ही अनिश्चितता मुख्यतः कुठून आली ते पाहा: न बदललेल्या, अवाढव्य भागातल्या त्या तीन बिंदूंतून. म्हणून जास्तीचे बिंदू तिथे टाका, विशेषतः जुन्या वस्तीच्या कडेच्या पट्ट्यात, लोहमार्गालगत आणि पाड्यांच्या आसपास. बहुतेक प्रबंधांत सगळे बिंदू लाल भागात टाकलेले असतात आणि अचूकता छान दिसते. ती दिसण्यापुरतीच असते.

२००० च्या बाजूला स्पष्ट चित्रं आपल्या पट्ट्यात फारशी मिळत नाहीत. तिथे त्या वर्षाचीच लँडसॅट प्रतिमा डोळ्यांनी वाचा, टोपोशीट पाहा, आणि गावात जा. पोलीस पाटील, जुने शेतकरी, स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, ही माणसं ‘ही चाळ कधी उठली’ हे बऱ्याचदा वर्षासकट सांगतात. दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्या म्हणजे झालं. जाताना बिंदू मोबाईलवर घेऊन जा, नाही तर फक्त रस्त्याकडेचंच पाहून परत याल.

एका बाबतीत हात आखडता ठेवा. तुमचा नकाशा बांधकाम आहे की नाही एवढं सांगतो; ते अधिकृत आहे का, जमीन बिनशेती झाली का, गुंठेवारी नियमित झाली का, हे प्रतिमेत नसतं. गावनकाशा प्रतिमेवर बसवताना सर्व्हे नंबरांच्या रेषा बऱ्याच मीटरने सरकलेल्या दिसतात, कारण ते नकाशे जुन्या मोजणीचे आहेत. त्या सरकलेल्या रेषेवरून एखाद्या कुटुंबाच्या घरावर बोट ठेवणं अन्याय्य आहे. निष्कर्ष गावाच्या किंवा हेक्टरभर चौकटीच्या पातळीवर द्या, सर्व्हे नंबरच्या पातळीवर नाही.

हे सगळं इतक्या काळजीने करायला मी सांगतो कारण तुमच्या पट्ट्याबद्दल दुसरं काही हाताशी नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, गावनिहाय आकडे २०११ चे आहेत. त्या आकड्यांत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर गेला होता आणि मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा घटली होती. बेटावरून माणसं तुमच्याकडे सरकत होती. त्यानंतर टिटवाळ्याला किती पाणी लागेल, बदलापूरला किती शाळा, याचा अंदाज कुणी बांधायला बसलं तर तुमच्या नकाशासारखं काहीतरी समोर असायला हवं.

सुरुवात सगळ्या तालुक्यापासून करू नका. टिटवाळा ते खडवली एवढाच तुकडा घ्या, जिथली प्रत्येक वाट तुमच्या पायाखालची आहे. २०१७ ते २०२४ ची सप्टेंबर-डिसेंबर मालिका लावा, २०२२ ची १००० ची भर दुरुस्त झाली का ते कल्याणच्या जुन्या वस्तीतल्या आणि एखाद्या राखीव जंगलातल्या पिक्सेलवर तपासा, मग बिंदू टाका. बिंदूंची फाईल, प्रत्येकाचा निर्णय आणि तो कशावरून घेतला ही नोंद, हे प्रबंधाला जोडा, म्हणजे २०२७ मध्ये दुसऱ्या कुणाला तेच बिंदू पुन्हा पाहता येतील.